शेवटचं प्रकरण बुधवारी

तापीखेडे, ता. शहादा
५ डिसेंबर २०२४

महजबीन,

डॉक्टर. लिहून ठेव, खून डॉक्टरनेच केलाय. स्टेशनमास्तरच्या खोलीला आतून कडी होती असं सांगणारा तो एकटाच आहे. बाकी कुणी दाराला हात लावलाच नाही. तू पुतण्यावर संशय घेतलास, कारण तो जुगार खेळतो. जुगारी माणूस पहिल्याच प्रकरणात दिसला की तो निर्दोष असतो, एवढंही तुला कॉलेजच्या तीन वर्षांत कळलं नाही?

शेवटचं प्रकरण मी उघडलेलं नाही. तुझ्या अब्बूंच्या रजया शिवायच्या दोऱ्याने तू ते असं शिवलंयस की टाचणीही आत जात नाही. पुस्तक तौफिकभाईंच्या केळीच्या गाडीतून परत पाठवतेय. आता शेवट तू उघड. आणि हो, फोनवर काही सांगू नकोस. तुमच्या घरी चौघांत एक फोन, आमच्याकडे माझ्या फोनला आईचा आणि काकूचा कान लागलेला. शिवाय मागच्या वर्षी बोलता बोलता तुझ्या तोंडून खुन्याचं नाव निसटलं, ते मी अजून विसरलेले नाही. कादंबरीचं बोलायचं ते पत्रातच.

आपली ही शिवण्याची पद्धत आता आमच्या गावात पसरली आहे. अभ्यासिकेत निवृत्त गुरुजींनी दिलेलं कथा-कादंबऱ्यांचं कपाट आहे ना, ज्याची किल्ली माझ्याकडे असते? त्यातली एकेक कादंबरी मी शेवट शिवून घराघरांत फिरवते. केळीच्या कापणीला जाणाऱ्या फुलीबाईंना वाचता येत नाही, त्यांची सून गायत्री त्यांना वाचून दाखवते. मग बुधवारी दुपारी, पोरं शहाद्याला क्लासला गेली की, सगळ्या बायका अभ्यासिकेत जमतात. कोण खुनी यावर भांडण होतं. भांडण मिटलं नाही की मी दोरा कापते आणि शेवटचं प्रकरण मोठ्याने वाचते.

काल घोळ झाला. मी दुसरीच एक कादंबरी वाचत होते आणि फुलीबाई ओरडल्या, “मारी टाकं! सक्खा भाऊनीच मारी टाकं!” रस्त्याने हेमकांत आबा चालले होते. अभ्यासिकेच्या समितीचे अध्यक्ष, शिवाय माझ्या वडिलांचे, म्हणजे बापूंचे, चुलतभाऊ. ते धोतराचा सोगा सावरत पळत आत आले. “कोन मरनं?” असं विचारलं. त्यांच्या वहिनी जसोदाबाई तिथंच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “जमीनदार मरना. बठ, तुले बी सांगतस.”

सगळ्या हसल्या. आबांना हसू आलं नाही. त्यांनी माझ्या हातातून ते पुस्तक घेतलं, काखेत मारलं आणि निघून गेले. आज फळ्यावर त्यांची सूचना आहे: अभ्यासिकेत फक्त अभ्यासाची पुस्तकं राहतील, बाकीची महिनाअखेर रद्दीत जातील.

तुला माहीत आहे, अभ्यासिका सांभाळते म्हणून बापूंनी मला स्पर्धा परीक्षेसाठी वेळ दिलाय. किल्ली हातात आहे तोवर घरी मला बघायला पाहुणे येणार नाहीत असं ते बोललेत. म्हणून मी भांडायला घाबरते, आणि घाबरते याची मला लाज वाटते. मी काय करू?

डॉक्टरवर नजर ठेवून असलेली,
रोशनी


नंदुरबार
११ डिसेंबर २०२४

रोशनी,

पुतण्याच. जुगारी निर्दोष असतो हे तुला वाटावं म्हणून तर लेखकाने त्याला जुगारी केलाय. तू वाटून घेतलंस. तुझ्यासारखी सरळ वाचक मिळाली तर कुठलाही लेखक सुखाने झोपेल.

दोरा मी अजून कापलेला नाही, त्याला कारण आहे. मिरचीचा हंगाम आलाय. सकाळी अम्मीबरोबर मीही मिरच्या वाळवायच्या पथारीवर जाते. सगळं मैदान लाल. आम्ही ओळीने बसून देठं खुडतो, संध्याकाळी मी शिकवण्या घेते. पहिल्या दिवशी मी पुस्तक बरोबर नेलं. मिरचीच्या हातांनी पान उलटलं आणि तोच हात डोळ्याला लागला. बायकांना वाटलं मी स्टेशनमास्तरसाठी रडतेय. एक म्हातारी तर म्हणाली, “जवळचा होता का गं?”

म्हणून आता मी पुस्तक घरी वाचते आणि पथारीवर तोंडी सांगते. हात खुडत असतात, कान इकडे. रोज अशा जागी थांबते की बायका शिव्या देतात. दुसऱ्या दिवशी एकही गैरहजर नाही. आमचा मुकादम नवलसिंग खूश आहे. काल म्हणाला, “महजबीन, रोज एक खून होऊ दे, माल कसा झपाझप निंघस!” बी.ए.चा असा मान तुला तरी मिळालाय का?

आता तुझं. आबांना पुस्तकांचा उपयोग सांगायला जाऊ नकोस. मी तुला ओळखते. तू भाषण तयार करशील: वाचनाने भाषा सुधारते, संस्कार होतात, परीक्षेला मदत होते. उपयोग विचारणाऱ्याला उपयोग सांगितला की आपण हरलो. उद्या तो म्हणेल, एवढाच उपयोग असेल तर व्याकरणाचं पुस्तक काय वाईट? आबा संध्याकाळी चौकात पत्ते खेळतात, त्याचा उपयोग त्यांनी कुठं सांगितलाय? आम्हाला आवडतं म्हणून वाचतो, असं सांग. एवढं बोलायला बी.ए. लागत नाही, पण तू केलंयस तर वापर.

अम्मी तुला विचारतेय. अब्बूंनी रजईच्या दोऱ्याची आणखी एक गुंडी दिलीय. त्यांना वाटतं आपण भरतकाम करतो.

पुतण्याच्या मागावर,
महजबीन


तापीखेडे
१९ डिसेंबर २०२४

महजबीन,

घाईत लिहितेय. कपाट राहिलं! एकही पुस्तक रद्दीत जाणार नाही. मी आबांशी नीट बोलले, तेही नीट बोलले. माणूस वाटतो तेवढा वाईट नसतो. कसं जमलं ते भेटल्यावर सांगीन.

किल्ली माझ्याकडेच आहे. बापू खूश आहेत. बुधवार चालू आहे.

सोबत ती जाड जुनी कादंबरी पाठवतेय, तीन पिढ्यांची. तीत खून नाही, पण दुसऱ्या पिढीत एक बाई घर सोडून जाते. ती का गेली ते मला अजून ठरवता येत नाही. वाच आणि सांग. पुस्तकाला मी वर्तमानपत्राचं कव्हर घातलंय, धूळ बसते म्हणून. ते काढू नकोस, खालचं जुनं कव्हर फाटेल.

अम्मींना नमस्कार.

तुझी,
रोशनी


नंदुरबार
२४ डिसेंबर २०२४

रोशनी,

“कव्हर काढू नकोस” असं लिहिणाऱ्या बाईने आयुष्यात एक तरी रहस्यकादंबरी वाचलीय का?

काढलं. खाली लेबल निघालं. “स्पर्धा परीक्षा: मराठी भाषा व शब्दसंपत्ती.” खाली समितीचा शिक्का. मागच्या पानावर तुझ्या वळणदार अक्षरात प्रश्न: “या कादंबरीतील दहा वाक्प्रचार शोधून वाक्यात उपयोग करा.” “लेखकाने कोणता सामाजिक संदेश दिला आहे?” तीन पिढ्या जगल्या, रडल्या, मेल्या, आणि तुला वाक्प्रचार हवेत. खुनाच्या कादंबऱ्यांवरही हेच चिकटवलंयस ना? त्यातला सामाजिक संदेश मी सांगते, आतून कडी लावून झोपू नये.

आणि पुढचं ऐक. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. एरवी बुधवारचं तू पानभर लिहितेस. फुलीबाई काय ओरडल्या, जसोदाबाईंनी कुणाला टोमणा मारला, कोण रुसून गेली. या वेळी तीनच शब्द: “बुधवार चालू आहे.” म्हणजे बुधवारी कुणी हसलं नाही. कुणी भांडलं नाही. कदाचित कुणी आलंच नाही.

तू मला खोटं सांगितलं नाहीस, हे मला ठाऊक आहे. तू खोटं बोलतच नाहीस, फक्त त्यावर वर्तमानपत्र घालतेस.

राग आलाय म्हणून असं लिहितेय. पण पुस्तक आवडतं असं म्हणायला आपल्याला दुसऱ्याच्या शिक्क्याची गरज लागली, याचा राग जास्त आहे. आबांना तू हेच पटवून दिलंस की ते बरोबर होते.

ती बाई घर सोडून का गेली ते मला कळलंय. सांगणार नाही.

महजबीन


तापीखेडे
३० डिसेंबर २०२४

महजबीन,

तू बरोबर ओळखलंस. सगळंच.

आबांनीच मार्ग सुचवला. म्हणाले, “परीक्षेला पूरक असं लिहून दे, मी शिक्का मारतो. तुझंही राहील, माझंही राहील.” मला वाटलं, एका कागदाच्या तुकड्यानं काय होतंय? किल्ली वाचली, पुस्तकं वाचली. घरी आईने शिरा केला. मी तो खाल्ला.

बुधवारी अकरा-बारा जणी आल्या. आबांनी सांगितलं होतं म्हणून मी प्रश्नांचे कागद वाटले. गायत्री खाली मान घालून वाक्प्रचार लिहीत बसली. मी विचारलं, “खुनी कोण वाटतो?” तर म्हणाली, “ताई, हे किती गुणांना आहे?” फुलीबाईंनी कागद उलटसुलट करून पाहिला, माझ्या हातात परत दिला आणि उठल्या. “माले परीक्षा नही देवानी, बाई. मी जास घर.” त्यांच्यामागे दोघी गेल्या. पुढच्या बुधवारी चौघीच आल्या. मी शेवटचं प्रकरण वाचलं आणि खोलीत एवढी शांतता होती की मला माझाच आवाज परका वाटला.

म्हणजे कपाट वाचलं आणि बुधवार मेला. मीच मारला.

पण आता माझंही ऐकून घे. तू पथारीवर कथा सांगतेस आणि नवलसिंग खूश आहे, हे तू मोठ्या कौतुकाने लिहिलंस. “माल झपाझप निघतो.” कुणाचा माल, महजबीन? बायका तुझी कथा ऐकायला लवकर येतात, आणि त्याचा फायदा मुकादमाला. तू रोज नेमक्या जागी थांबतेस ते बायकांच्या मजेसाठी, की त्यांना उद्या ओढून आणण्यासाठी? माझ्या कादंबऱ्यांवर परीक्षेचं लेबल आहे, तुझ्या कथेवर मिरचीचं आहे. फक्त तुझं दिसत नाही.

हे लिहून हलकं वाटलं. राग धरू नकोस. धरलास तर पत्रातून सांग.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. मी पुस्तक उघडलं की घरात सगळे हळू बोलतात. बापू टीव्ही बंद करतात. त्यांना वाटतं मी परीक्षेचं वाचतेय. मी वाचत असते स्टेशनमास्तरचा खून, आणि ती शांतता चोरल्यासारखं वाटतं. हे वाटणं मला आता नको आहे. ज्या पुस्तकांनी मला सुखाने जागं ठेवलं त्यांची ओळख करून देताना मी मान खाली घालणार नाही.

काल ओल्या फडक्याने सगळी लेबलं काढली. काही ठिकाणी कव्हरं सोलली, त्याचं वाईट वाटलं. आबांना कळलंय. रविवारी समितीची सभा आहे, मला बोलावलंय.

रोशनी


नंदुरबार
३ जानेवारी २०२५

रोशनी,

लागलं. दोन दिवस तुझ्याशी मनातल्या मनात भांडले, आणि दोन्ही दिवस हरले.

तुला आणखी एक सांगते, जे मी लिहिलं नव्हतं. स्टेशनमास्तरची गोष्ट कधीच संपायला हवी होती. नवलसिंग म्हणाला, “गाडी भराईसन जावा दे, तवलोंग खुनी सांगू नको.” म्हणून मी मधेच दोन नवे संशयित घुसवले, एक पोस्टमन आणि एक साधू. पुस्तकात ते नाहीतच. अम्मीने साधूवर एवढा जीव लावला की रोज विचारायची, त्याला फाशी होईल का. मी तिला फसवत होते, ते मुकादमाच्या गाडीसाठी.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी पुस्तक पथारीवर नेलं. जेवणाच्या सुट्टीत साबणाने हात धुतले, गुळाच्या पाण्याने धुतले, दोरा कापला आणि शेवटचं प्रकरण सरळ वाचून काढलं. आमच्या सुट्टीत, आमच्या वेळात. आधी कबूलही केलं की साधू माझा आहे. अम्मीने मिरचीचं देठ फेकून मारलं.

आपण दोघी चुकलो. डॉक्टर नाही, पुतण्या नाही. स्वयंपाकीण. पहिल्या पानापासून ती सगळ्यांना चहा देत फिरते आणि म्हणून आपण तिच्याकडे पाहिलंच नाही. पथारीवरच्या तिघींनी मात्र तिलाच धरलं होतं. एक म्हणाली, “सगळ्यांच्या खोल्यांत जाते तीच एक. आणखी कोण असणार?”

नवलसिंग आला. “आता उद्या काय सांगशील?” मी म्हटलं, “उद्या काही नाही. कामात नुसत्या मिरच्या. गोष्ट आमच्या सुट्टीत.” तो तोंड वाकडं करून गेला. त्याने नवा नियम काढलाय, जी बाई आजारपणाशिवाय गैरहजर राहील तिला पुढचा आठवडा काम नाही. आजवर असं कुणी म्हटलं नव्हतं. असू दे.

रविवारी ताठ उभी राहा. आवाज कापला तर कापू दे, शब्द बदलू नकोस.

साधूची आई,
महजबीन


तापीखेडे
९ जानेवारी २०२५

महजबीन,

आवाज कापला. शब्द बदलले नाहीत.

सभेला आबा, चार सभासद, आणि योगेंद्र. योगेंद्र आबांचा पुतण्या, फौजदाराच्या परीक्षेची तयारी करतो. (पुतण्या, हो. हसू नकोस.) दारात जसोदाबाई, फुलीबाई, गायत्री आणि आणखी पाच-सहा जणी उभ्या. बापू कोपऱ्यात, माझ्याकडे न बघता.

आबांनी विचारलं, “लेबलं कोनी काढात?”

“मी.”

“बरं. पोरगी लहान शे, चुकनी,” असं सभेला सांगून ते माझ्याशी शुद्ध मराठीत बोलायला लागले, म्हणजे आता कामकाज सुरू झालं. “या पुस्तकांचा समाजाला उपयोग काय, एवढं एक वाक्य सांग. मी ठरावात घेतो. कपाट राहील.”

एकच वाक्य. बापूंनी पहिल्यांदा वर पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत होतं, बोल ना बाई, तुला येतं ना सगळं.

मी म्हटलं, “काही उपयोग नाही, आबा. वाचायला मजा येते.”

 मग मी थांबले नाही. म्हटलं, “आम्ही दिवसभर उपयोगाचंच करतो. फुलीबाई केळी कापतात, गायत्री स्वयंपाक करते, मी परीक्षेचं वाचते. आठवड्यात एक दुपार अशी आहे की जिचा कुणाला काही उपयोग नाही. ती आमची आहे. तिला शिक्का नको.”

आबा तापले. शुद्ध मराठी सुटली. “मजा! मी बी वाचं तुम्हनं ते पुस्तक. घर लई गऊ, बठ्ठं वाचं, शेवटना पानलोंग वाचं. काय भेटनं माले? काहीच नही!”

दारातून जसोदाबाई म्हणाल्या, “मंग शेवटलोंग कसाले वाचं, भाऊ?”

आधी योगेंद्र हसला. मग सभासद. मग दारातल्या सगळ्या. आबांनी पाणी मागितलं. ते प्यायले, आणि ठराव लिहिला: कथा-कादंबऱ्या अभ्यासिकेतून काढाव्यात, किल्ली योगेंद्रकडे द्यावी. हसणाऱ्यांनीच हात वर केले. सभा अशी असते, हे मला माहीत नव्हतं.

किल्ली मी टेबलावर ठेवली.

सोमवारी पुस्तकं पोत्यांत भरून ओट्यावर काढली. रद्दीवाला टेम्पो घेऊन आला, तर फुलीबाई पोत्यावर बसलेल्या. तो म्हणाला, “बाई, उठा.” त्या म्हणाल्या, “मन्हं वाचणं बाकी शे.” त्यांना वाचता येत नाही हे अख्ख्या गावाला माहीत आहे. रद्दीवाल्यालाही. तो टेम्पो वळवून गेला. पोती आता जसोदाबाईंच्या पडवीत आहेत, म्हणजे आबांच्या भिंतीला भिंत लागून.

काल बुधवार होता. आम्ही अभ्यासिकेत गेलो नाही, तिच्या समोर ओट्यावर बसलो, रस्त्याकडे तोंड करून. वीस जणी तरी असतील. मी नव्या कादंबरीची सुरुवात केली, नदीकाठच्या हवेलीची. आबा आले. “हाऊ ओटा पंचायतना शे,” म्हणाले. जसोदाबाई म्हणाल्या, “पंचायत गावनी शे ना? आम्ही कोन गावना?”  मी वाचत राहिले. त्यांच्यासमोर वाचताना माझा आवाज अजिबात कापला नाही.

घरचं सांगते. आई माझ्याशी बोलत नाही. बापू जेवताना म्हणाले, “किल्ली गेली. आता येत्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या रविवारी पाहुणे येतील.” मी “येऊ देत” म्हटलं. मुलीला काय आवडतं ते विचारतीलच. खरं सांगीन. ते ऐकून कुणी उठला तर चहा पिऊन जा म्हणेन. परीक्षा मी देणारच आहे, ती माझ्यासाठी. पण आता घरात मी खुनाचं वाचत असले की “खुनाचं वाचतेय, टीव्ही चालू ठेवा” असं सांगते. बापूंनी काल टीव्ही बंद केला नाही. चांगलं झालं की वाईट, कळत नाही.

हवेलीच्या कादंबरीचं शेवटचं प्रकरण पुढच्या बुधवारी, पंधरा तारखेला, ओट्यावर. आबांनी पोलिसांना सांगीन असं म्हटलंय. फुलीबाईंना वाटतं खुनी माळी आहे. तू ये. तुला यायलाच हवं.

रोशनी


नंदुरबार
१३ जानेवारी २०२५

रोशनी,

हे पत्र तौफिकभाई देतील तेव्हा उत्तर लिहीत बसू नकोस. मी येतेय.

सुट्टी मागायला आज नवलसिंगकडे गेले. भरल्या पथारीवर, सगळ्यांसमोर. तो नवा नियम माझ्यासाठीच आहे हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. तरी माणूस अगदीच वाईट नाही. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, “बेमार शे आसं सांग ना. मी सुट्टी लिखी लेस, पुढला हप्ता तुन्हं काम बी ऱ्हाई.”

बघ, किती सोपं होतं. एकच वाक्य. मला तुझे बापू आठवले, कोपऱ्यातून वर पाहणारे.

मी म्हटलं, “बेमार नही शे, भाऊ. बुधवारले तापीखेडाले कादंबरी ऐकाले जास.”

“कादंबरी?” त्याला वाटलं मी थट्टा करतेय. “हाई काय कारण व्हयनं?”

“हाईच कारण शे.”

खुडणारे हात थांबले होते. नवलसिंगने वही काढली, माझ्या नावापुढे काहीतरी लिहिलं आणि म्हणाला, “मंग पुढला हप्ता येऊ नको.” मी बरं म्हटलं. 

तेवढ्यात मागून अम्मी उठली. ओढणीने हात पुसले, जणू हिशेबाचं बोलायला जातेय, आणि म्हणाली, “मेरा भी नाम लिखो, नवलसिंगभाई.”

“तुमले काय व्हयनं, हलीमाबी?”

“मेरेको भी सुननी है.”

बुधवारी सकाळच्या एसटीने आम्ही दोघी येतोय. अम्मीला एका कानाने कमी ऐकू येतं. तिला पुढची जागा धर, आणि मोठ्याने वाच.

महजबीन